डिपरचा अर्थ आणि आकाशातली पहिली भेट

महामार्ग सोडून डाळजच्या आतल्या रस्त्याला लागलात आणि दिवस उसाच्या हंगामाचे असले, तर हा प्रसंग तुमच्या वाट्याला एकदा तरी आलेला असणार. रात्रीची वेळ. रस्ता एका गाडीपुरता. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला चारी. समोरून दोन दिवे येतात. ट्रॅक्टर आहे, टेम्पो आहे की मोटार, काही कळत नाही. आधी कुणीतरी एकच जाऊ शकतो. तेवढ्यात समोरचा दोनदा डिपर मारतो.

याचा अर्थ काय? इंदापूर तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल, "थांब, मी येतोय." आता इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात असाच अरुंद रस्ता आणि अशीच रात्र धरा. समोरच्याने दिवे लुकलुकवले की तिथला माणूस हात वर करून त्याचे आभार मानतो आणि आपली गाडी पुढे काढतो. कारण तिथे बहुतेक लोक त्याचा अर्थ घेतात, "या, आधी तुम्ही!"

आता या दोघांना समोरासमोर आणा. इंग्रजाने डिपर मारला, तर आपला माणूस समजतो की हा घुसणार, आणि थांबतो. इंग्रजही थांबलेलाच असतो. दोघं सभ्यपणे ताटकळत बसतात. पण डिपर आपल्या माणसाने मारला, तर? इंग्रजाला वाटतं, केवढा हा मोठेपणा! तो निघतो, आपला निघालेलाच असतो, आणि सकाळी पंचनामा. म्हणजे गैरसमज एकच, पण तो कुठल्या बाजूने झाला यावर ठरतं की वेळ वाया जाणार की जीव.

हे एवढं लांबण लावलं, कारण गेली साठ वर्षं टीव्हीवरच्या अंतराळमालिका लिहिणारी मंडळी या एकाच प्रसंगावर पोट भरत आली आहेत. दोन अनोळखी जहाजं, मध्ये काळोख, आणि समोरून आलेली एक खूण. बाकी सगळे स्फोट, लेझर आणि टोकदार कान म्हणजे वरची कोथिंबीर.

यातला सगळ्यात अचाट डिपर मी पाहिला तो 'बॅबिलॉन ५' या अमेरिकन मालिकेत. जे. मायकेल स्ट्राझिन्स्की यांची ही मालिका १९९४ ते १९९८ चालली. तिच्या गोष्टीत माणूस बाविसाव्या-तेविसाव्या शतकात ताऱ्याताऱ्यांत फिरू लागलाय आणि एकदा त्याची गाठ मिनबारी नावाच्या जुन्या, बलाढ्य जातीशी पडते. मिनबारींची जहाजं शांतपणे जवळ येतात. कुणालाही लढायचं नाही. आणि मिनबारी आपल्या तोफांची दारं उघडतात.

का? आदर म्हणून! त्यांच्या योद्ध्यांची रीतच तशी. आमच्याकडे काय काय आहे ते बघा, आम्ही काही लपवलेलं नाही. पाहुण्यासमोर मुठी उघडून दाखवाव्यात, तसं. पण माणसांच्या कप्तानाला काय दिसतं? आपल्यावर रोखलेल्या उघड्या तोफा. तो गोळीबार करतो. तिकडे मिनबारींच्या नेत्याच्या, डुखाटच्या, ध्यानात आलेलं असतं की ही उघडी दारं समोरच्यांना धमकी वाटणार. पण उशीर झालेला असतो. त्या माऱ्यात तोच मरतो. दुःखाने वेडी झालेली त्याची शिष्या डेलेन सूडाच्या बाजूने निर्णायक मत देते आणि २२४५ ते २२४८ अशी तीन वर्षं माणसांची कत्तल चालते. एका नमस्कारापायी!

अतिशयोक्ती वाटते? मग आपल्याच तोफांची सलामी आठवा. पाहुणा आला की तोफा उडवायच्या, ही काय रीत झाली? तिच्या मागचं कारण मोठं गोड सांगतात. जुन्या काळी तोफ एकदा उडवली की पुन्हा ठासायला बराच वेळ लागे. म्हणून बंदरात शिरणारं जहाज आधीच सगळ्या तोफा हवेत रिकाम्या करी. बघा, आमच्या तोफा रिकाम्या आहेत, आता आम्ही तुमच्या हवाली. ज्याला ही रीत ठाऊक नाही, त्याच्या कानी काय पडेल? एकवीस धडाके. आणि इतक्या लांब कशाला जायचं, अंगणात बघा. कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा तो बहुधा खुशीत असतो. मांजर शेपूट आपटू लागतं तेव्हा हात मागे घ्यायचा असतो. दोघं एकाच घरात वाढली नसतील तर त्यांची पहिली भेट कशी होते, हे वेगळं सांगायला नको.

पण 'बॅबिलॉन ५'च्या त्या प्रसंगात आणखी एक बारीक खिळा ठोकलेला आहे, आणि मला तो तोफांपेक्षा जास्त आवडतो. मिनबारींची जहाजं माणसांचं जहाज नुसतं तपासून बघत असतात. पण त्यांची तपासणारी यंत्रं इतकी जबर, की त्यांच्या नुसत्या 'बघण्याने' माणसांच्या जहाजाची निसटून जायची यंत्रणाच बंद पडते. म्हणजे कप्तानापुढे उघड्या तोफा आहेत आणि मागचं दार बाहेरून कडी लावून घेतलेलं आहे. पळता येत असतं तर तो पळाला असता. पळता येईना, म्हणून त्याने हल्ला केला.

हे लेखकाला कुठून सुचलं असेल, मला माहीत नाही. पण त्याची शहानिशा करायची असेल तर डाळजकरांना फार लांब जायला नको. उजनीचा फुगवटा दाराशी आहे.

थंडी सुरू झाली की भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. होडीत बसून त्यांच्याकडे निघा आणि पक्ष्यांकडे न बघता नावाड्याकडे बघा. ठरावीक अंतरावर तो इंजिन बंद करतो. मग होडी बांबूने, हळू, जरा तिरकीच पुढे सरकते. सरळ पक्ष्यांवर रोखून कधीच नाही. तिकडे पक्ष्यांचं काय चाललेलं असतं? आधी चिखलात चोच खुपसून खाणं चालू. मग एकेक मान वर. मग सगळा थवा, जणू काही झालंच नाही अशा बेताने, दुसऱ्या दिशेला चालू लागतो. आणि मग एक अदृश्य रेघ ओलांडली जाते आणि अख्खं पाणी गुलाबी होऊन उठतं. ती रेघ कुठे आहे, हे नावाड्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याला ती हाताला लागते.

त्या रेघेला विज्ञानात जागा मिळवून दिली हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने. त्याने प्राणिसंग्रहालयं सांभाळली आणि आयुष्यभर प्राण्यांकडे बघत एक साधी गोष्ट मांडली. प्रत्येक रानटी प्राण्याभोवती पळण्याचं एक अंतर असतं. तुम्ही त्याच्या आत पाऊल टाकलंत की तो निघून जातो. पण त्याच्या आत, आणखी जवळ, दुसरी एक रेघ असते. पळायला जागा उरली नाही आणि तुम्ही ती दुसरी रेघही ओलांडलीत, तर तोच भित्रा प्राणी वळतो आणि अंगावर येतो. सर्कशीतला सिंहाचा खेळ या दोन रेघांवरच चाले. माणूस एक पाऊल पुढे टाकतो, सिंह मागे हटतो. पिंजऱ्याच्या गजांना पाठ टेकली की सिंह पुढे येतो, माणूस अर्धं पाऊल मागे, सिंह थांबतो. प्रेक्षकांना वाटतं चाबकाची कमाल. कमाल असते अर्ध्या पावलाची.

आता पुन्हा त्या दोन जहाजांकडे बघा. मिनबारींनी तोफा उघडल्या ही चूक अर्धीच. त्यांनी समोरच्याची पाठ नकळत गजांना टेकवली, ही उरलेली अर्धी. गैरसमजाने माणूस बिथरतो. वाट बंद झाली की तो चावतो.

ही कोंडी सगळ्यात आधी नीट बांधली ती टीव्हीने नव्हे, एका मासिकातल्या कथेने. मे १९४५. युरोपातलं महायुद्ध त्याच महिन्यात संपलं. अमेरिकेतल्या 'अस्टाउंडिंग' मासिकात मरे लाइन्स्टर यांची एक कथा आली, तिचं नाव 'फर्स्ट कॉन्टॅक्ट'. पहिली भेट. हा शब्दप्रयोग आज इतका घासून गुळगुळीत झालाय, पण विज्ञानकथेत तो रुजला या कथेमुळे.

कथा अशी. पृथ्वीचं एक जहाज खेकडा तेजोमेघापाशी गेलंय. इसवी सन १०५४ मध्ये चिनी लोकांनी भर दिवसा दिसणारा एक नवा तारा टिपून ठेवला होता. तो खरं तर मरत असलेला तारा होता आणि हा मेघ म्हणजे त्याचा उरलेला धूर. तर त्या धुरात पृथ्वीच्या जहाजाला दुसरं जहाज भेटतं. तेही लांबून आलंय, तेही पाहणीलाच आलंय. दोघांची नियत चांगली. बोलणीसुद्धा जमतात. मग अडलं कुठे?

अडलं घरी जाण्यात! मी आधी निघालो, तर तू गुपचूप माझ्या मागे येऊन माझं घर शोधशील. तू निघालास, तर मीही तेच करीन, असं तुला वाटणार. तू चांगला आहेस हे मला पटलंय, पण पैजेला सगळी पृथ्वी लागली असताना 'पटलंय' पुरेसं आहे का? म्हणजे सगळ्यात सुरक्षित मार्ग एकच, आत्ताच एकमेकांना उडवून टाकणं. दोन सज्जन, एकमेकांना आवडलेले, आणि हिशेब मात्र खुनाचा निघतो. डाळजच्या त्या रस्त्यावर निदान एकाला मागे तरी घेता येतं. इथे रिव्हर्स गियरच नाही.

तुम्ही काय केलं असतं? पुढचा परिच्छेद वाचायच्या आधी घोटभर चहा घ्या आणि विचार करा.

लाइन्स्टर यांची तोड अशी, जहाजांची अदलाबदल! दोन्ही बाजूंनी आपापले ताऱ्यांचे नकाशे आणि पाठलागाला उपयोगी पडतील अशी यंत्रं काढून टाकायची, आणि तू माझ्या जहाजातून घरी जा, मी तुझ्या. माझं जहाज मला आतून-बाहेरून ठाऊक, त्यात तू काही लपवून ठेवणं अवघड. वर दोघांनाही समोरच्याचं सगळं तंत्रज्ञान फुकटात. विश्वास नाही, म्हणूनच हा व्यवहार जमला. बाजारात गाय बदलून घेणाऱ्या दोन बेरकी शेतकऱ्यांना हा तोडगा एका मिनिटात पटला असता. आणि कथेच्या शेवटी कळतं की बोलणी चालू होती तेवढ्या वेळात दोन्ही जहाजांवरचे दोघे जण एकमेकांना चावट विनोद सांगत बसले होते.

सोव्हिएत रशियात ही कथा वाचून एक गृहस्थ चिडले. इव्हान येफ्रेमॉव्ह. पेशाने जीवाश्मांचे अभ्यासक. त्यांचं म्हणणं, ताऱ्यांपर्यंत पोचलेली जात एकमेकांवर संशय घेणारी असेलच कशी? तशी असती तर घरातच भांडून मेली असती. त्यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस उत्तरादाखल स्वतःची कथा लिहिली, आणि त्यातली पात्रं लाइन्स्टर यांच्या कथेवर नाव घेऊन टीका करतात. शीतयुद्ध ऐन भरात, आणि दोन देशांचे दोन लेखक काल्पनिक जहाजांमधून भांडतायत की समोरच्यावर विश्वास ठेवावा का! मला विचाराल तर येफ्रेमॉव्ह माणूस म्हणून मोठे, पण कथा लाइन्स्टर यांचीच सरस. सज्जन सज्जनाला भेटला, यात गोष्ट कुठे आहे?

टीव्हीने ही कोंडी उचलली, आणि तिला आकार दिला तो पैशाच्या चणचणीने. १९६६ साली 'स्टार ट्रेक' सुरू झाली. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे दूरदर्शनवरही ती दाखवली गेली, तेव्हा पाहिलेल्यांना आठवेल. दर आठवड्याला जहाज नव्या ग्रहावर उतरवायचं तर खर्च परवडेना, म्हणून माणसं एका जागी विरघळून दुसरीकडे उमटवायचं यंत्र आलं. दोन जहाजांची टक्कर दाखवायची तर मोठ्या पडद्यावर दोन कप्तानांचे चेहरे समोरासमोर आणले. दोन खोल्या, दोन खुर्च्या, एक पडदा. काम स्वस्तात झालं. पण त्यातून काय साधलं बघा! तोफांपेक्षा डोळे जवळ आले.

१५ डिसेंबर १९६६ रोजी दाखवलेल्या 'बॅलन्स ऑफ टेरर' या भागात याचा कळस आहे. माणसं आणि रोम्युलन नावाची परकी जात यांच्यात शंभर वर्षांपूर्वी युद्ध होऊन गेलंय, पण ते लढलं गेलं लांबून आणि तह झाला रेडिओवरून. शत्रूचा चेहरा कुणी पाहिलेलाच नाही! आणि आता पहिल्यांदा पडद्यावर तो उमटतो. टोकदार कान, वर गेलेल्या भुवया. हुबेहूब आपल्याच जहाजावरच्या स्पॉक या अधिकाऱ्यासारखा. त्या क्षणी जहाजावरचे सगळे शत्रूकडे बघायचं सोडून स्पॉककडे बघतात. पहिली भेट परक्याशी व्हायची होती, ती झाली घरातल्या संशयाशी. बाकी सगळा भाग म्हणजे पाणबुडी आणि विनाशिका यांचा लपंडाव, तोही १९५७च्या 'द एनिमी बिलो' या युद्धपटावरून उचललेला. पण ते एक वळण त्यांचं स्वतःचं आहे. जाता जाता सांगतो, तो रोम्युलन सेनापती साकारणारे मार्क लेनार्ड पुढच्याच वर्षी त्याच मालिकेत स्पॉकचे वडील म्हणून आले. टोकदार कान शोभणारा नट वाया कशाला घालवायचा?

खूण कळली, चेहरा दिसला. भाषेचं काय? या मालिकांमध्ये भाषांतर करणारं एक यंत्र असतं आणि सगळे परग्रहवासी झकास इंग्रजी बोलतात. 'स्टार ट्रेक'च्याच पुढच्या मालिकेतल्या, १९९१च्या 'डार्मॉक' या भागात मात्र लेखकांनी या यंत्राचीच फजिती केली. टॅमेरियन लोकांचा शब्द न् शब्द यंत्राला कळतो, तरीही काहीच कळत नाही. कारण ते लोक फक्त त्यांच्या पुराणकथांचे दाखले देऊन बोलतात. अमका अमक्या बेटावर, तमक्याच्या भिंती पडल्या तेव्हा, एवढंच. गोष्ट माहीत नसेल तर वाक्य कोरडं.

हे बघताना परदेशी प्रेक्षकांना म्हणे फार विचित्र वाटलं. मला नाही वाटलं! आपण दुसरं काय करतो? "तुझ्या मुलाचं लग्न ठरलं का?" "कसलं, बिरबलाची खिचडी चाललीय." यंत्राला हे द्या. ते सांगेल की मुलाच्या लग्नात डाळ-तांदळाचा पदार्थ शिजतो आहे. "विश्वास पानिपतात गेला" याचं भाषांतर तर अचूक होईल आणि अर्थ शून्य. मराठी माणूस अर्धा टॅमेरियन आहे. आणि 'ध चा मा' हे शब्दच घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी की 'धरावे' असा हुकूम होता, त्यातला ध खोडून कुणीतरी मा केला. हुकूम पाठवणारा एक, वाचणारा दुसरा, आणि मध्ये एक अक्षर बदललेलं. ती आख्यायिका खरी मानायची की नाही हा इतिहासकारांचा प्रश्न. पण संदेश वाटेत बिघडला की काय होतं, हे सांगायला आपल्या भाषेने दोन अक्षरं कायमची राखून ठेवली आहेत.

मग प्रश्न असा की ज्याला ना पानिपत माहीत, ना डिपर, ना नमस्कार, त्याच्याशी बोलायचं कशाच्या आधारे? अशी एखादी गोष्ट आहे का, जी विश्वात सगळीकडे तीच असेल?

आहे. हायड्रोजन.

विश्वात सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात साधा अणू. मध्ये एक प्रोटॉन, भोवती एक इलेक्ट्रॉन, संपलं. हा इलेक्ट्रॉन कधीतरी कूस बदलतो आणि बदलताना रेडिओलहर सोडतो. एकटा अणू हे सरासरी कोटीभर वर्षांतून एकदा करतो! पण अणू इतके अमाप आहेत की सगळं आकाश त्या एका सुरात गुणगुणत असतं. त्या लहरीची लांबी २१ सेंटीमीटर. म्हणजे जवळजवळ एक वीत. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हात ताणा, झाली विश्वाची मोजपट्टी. १९५९ साली कोक्कोनी आणि मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी सुचवलं की अनोळखी लोकांनी भेटायचं तर रेडिओवर याच जागी भेटावं. गावात नवखा माणूस आला की कुणाचं घर शोधत बसत नाही, पारावर जाऊन बसतो. तसा हा विश्वाचा पार.

आणि ही नुसती कागदावरची कल्पना राहिलेली नाही. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन यानं सुटली, तेव्हा प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका बांधली होती, वर वाजवायची सुईसुद्धा. ती कुठल्या वेगाने फिरवायची, हे परक्याला कसं सांगणार? मिनिट, सेकंद हे आपले घरगुती हिशेब. म्हणून वेळेचं माप दिलं ते हायड्रोजनच्या त्या कूस बदलण्याचं. वेष्टनावर ते चित्र कोरलेलं आहे.

आत काय आहे? पंचावन्न भाषांतले नमस्कार. त्यांत मराठी आहे! गुजराती, कन्नड, तेलुगूच्या पंगतीत, एका बाईच्या आवाजात, पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा आणि समोरच्याचं भलं होवो अशी इच्छा. परकी जात खरोखर भेटलीच, तर तिच्या कानावर (कान असले तर) मराठी पडण्याची सोय होऊन पन्नास वर्षं होत आली. व्हॉयेजर १ सूर्याचा वारा जिथे संपतो ती वेस ओलांडून २०१२ साली बाहेर पडलं. आज ते २,४०० कोटी किलोमीटरच्या पलीकडे आहे. माणसाने बनवलेली इतकी लांबची दुसरी वस्तू नाही.

त्याच मुद्रिकेवर एक भैरवी आहे. गाणाऱ्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. साडेतीन मिनिटांची ती चीज, 'जात कहाँ हो'. कुठे निघालास? सूर्यमाला सोडून चाललेल्या यानावर याहून नेमकं काय ठेवता आलं असतं? व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबर १९७७ रोजी. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला.

आता लाइन्स्टर यांचे ते दोन कप्तान आठवा. घराचा पत्ता कळू नये म्हणून सगळं जहाज देऊन टाकायला निघालेले. आणि आपण? व्हॉयेजरच्या वेष्टनावर चौदा पल्सार ताऱ्यांपासून सूर्य कुठल्या दिशेला आहे, याचा नकाशाच कोरून दिला! त्याआधी १९७४च्या नोव्हेंबरमध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीतून २५ हजार प्रकाशवर्षं लांबच्या एका तारकागुच्छाकडे १,६७९ ठिपक्यांचा संदेश पाठवला होता. १,६७९च का? कारण तो २३ गुणिले ७३ असा फक्त एकाच प्रकारे फोडता येतो. कुणाच्या हाती लागलाच, तर ठिपक्यांची चौकट बरोबर मांडली जावी म्हणून. ब्रिटिश रेडिओ-खगोलज्ञ मार्टिन राईल यांना हा उत्साह मुळीच रुचला नाही. तिकडे कोण आहे ते माहीत नसताना आपण इथे आहोत हे ओरडून का सांगायचं, असा त्यांचा सवाल. गंमत म्हणजे हेच राईल विश्वाच्या उत्पत्तीवरून १९६१ साली फ्रेड हॉएल आणि त्यांचा तरुण विद्यार्थी जयंत नारळीकर यांच्याशी भर सभेत भांडले होते. पुढे नारळीकर पुण्यात आले, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. त्यांच्या एका कादंबरीचं नावच 'प्रेषित' आहे.

बोलायचं की गप्प बसायचं, हा वाद चालू राहील. ऐकायला मात्र कुणाची हरकत नाही. आणि ऐकण्याचं काम आपल्याच जिल्ह्यात, वरच्या अंगाला, नारायणगावजवळ खोडदला चालतं. जीएमआरटी ही रेडिओदुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या परिसरात तीन फाट्यांवर पसरलेल्या. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांनी त्या पोलादी पत्र्याच्या न करता तारांच्या जाळीच्या केल्या, म्हणून त्या आपल्या खिशाला परवडल्या आणि वाऱ्यालाही. लहर मोठी असली की तिला जाळीची भोकं दिसतच नाहीत. तिच्या लेखी ती सलग भिंत. विश्वाच्या पारावरची ती वीतभर लहर इथे ऐकू येते.

किती बारीक ऐकू येतं? १९ ऑक्टोबर २०१६. युरोपचं स्कियापरेली हे छोटं यान मंगळावर उतरत होतं. अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर, यानाच्या प्रेषकाची ताकद अगदी दुबळी. खोडदच्या तबकड्यांनी तो आवाज थेट पकडला! यान वातावरणात शिरलं, पॅराशूट उघडलं, सगळं इथे ऐकू येत होतं. आणि उतरायला पन्नासएक सेकंद उरली असताना आवाज थांबला. लहरीला इथवर यायला जवळजवळ दहा मिनिटं लागत होती. म्हणजे खोडदला शांतता पसरली तेव्हा ते यान केव्हाच मंगळाच्या धुळीत आपटलेलं होतं.

का आपटलं? चौकशीत निघालं की यानाच्या गिरक्या मोजणारं उपकरण सेकंदभर भांबावलं. त्या चुकीच्या आकड्यावरून संगणकाने उंची काढली, ती शून्याच्याही खाली आली. यान हवेत होतं साडेतीन किलोमीटरच्या वर, आणि त्याची समजूत झाली की आपण जमिनीत आहोत. मग त्याने शहाण्यासारखं पॅराशूट सोडलं आणि थोड्याच वेळात इंजिनं बंद केली. समोर शत्रू नाही, परकी जात नाही, कुणाच्या तोफा नाहीत. स्वतःचीच एक खूण स्वतःला उलटी कळली.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि तबकड्या जवळून बघता येतात. डाळजहून निघालात तर जाऊन-येऊन दिवस मोडेल, पण पोरांना घेऊन जाच. मोबाईल मात्र बंद ठेवा. त्या तबकड्यांच्या कानाशी तुमचा फोन म्हणजे लग्नातला डीजे आहे.